बोनस : गिरणगावच्या दिवाळीमागचा हिशेब

दिवाळीचा बोनस ही मालकाने खुशीने दिलेली भेट आहे, हा समज अजून पुरता गेलेला नाही. पेढीवरच्या गड्याला, घरच्या मोलकरणीला दिवाळीची पोस्त देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि बोनस त्याच रीतीची मोठी आवृत्ती असावा, असे वरवर वाटते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. तिथे बोनस आला तो महागाईतून. पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड भडकले, गिरण्यांचा नफा फुगला आणि पगार मागे पडले. पगार कायमचा वाढवायचा नाही, पण कामगार तर टिकवायचा, म्हणून १९१७ साली मालकांनी पगारावर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला. पुढच्या वर्षी तो पंधरा टक्के झाला. युद्धानंतरच्या तेजीत वर्षाला एका महिन्याच्या पगाराइतका बोनस सलग काही वर्षे मिळाला. म्हणजे कामगाराच्या हाती पडत होता तो, माझ्या मते, त्याचाच वेळेवर न वाढलेला पगार.

ही रक्कम कामगाराला किती मोलाची होती, हे त्या काळच्या पगाराच्या पद्धतीवरून कळते. मुंबईत गिरणीचा पगार महिन्याने होई आणि तोही महिना सरल्यावर बऱ्याच दिवसांनी. तोवर वाणी, खानावळवाली आणि पठाण यांच्यावरच भिस्त. रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला पंच्याहत्तर टक्के, हा व्याजाचा दर तेव्हा सर्रास होता आणि पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या दारात उभा असे. कोकणात किंवा घाटावर राहिलेल्या घरच्यांना पैसे धाडायचे ते या वसुलीतून उरले तर. अशा संसारात बोनस म्हणजे वर्षातून एकदा अंगावरचे कर्ज थोडे हलके करण्याची संधी होती. मुलांना नवे कपडे आणि फराळाचे तेल-तूप त्यानंतरच. बोनसच्या ‘तेराव्या पगारा’ची एक गोष्ट हल्ली समाजमाध्यमांवर फिरते : इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्यावर नेला, बावन्न आठवड्यांचे तेरा महिने व्हायला हवे होते, तो बुडालेला महिना बोनस म्हणून परत मिळाला. गोष्ट आकर्षक आहे, पण मुंबईच्या गिरण्यांत पगार बोनसच्या कितीतरी आधीपासून महिन्यानेच होत होता. या गोष्टीमुळे खरा झगडा झाकला जातो, म्हणून ती खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

तो झगडा १९२४ साली उघड झाला. मंदी आली, मालकांनी १९२३ चा बोनस नाकारला आणि दीड लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने निकाल दिला की रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे बोनसवर कामगारांचा हक्क सिद्ध होत नाही. कामगार रिकाम्या हाताने कामावर परतले. बोनस जर खरोखर कृतज्ञतेची भेट असता, तर ज्या वर्षी घरात सर्वांत जास्त ओढ होती त्याच वर्षी ती अशी सहज थांबली नसती. दुसऱ्या महायुद्धात हेच चक्र पुन्हा फिरले. अखेर १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात हिशेबाची रीत घालून दिली : नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद आणि भांडवलावरचा परतावा वजा करा, जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे. त्याच वर्षी बोनससाठी गिरण्या त्रेसष्ट दिवस बंद राहिल्या. १९६५ च्या कायद्याने किमान चार टक्के बोनस बंधनकारक केला, पुढे तो ८.३३ टक्के झाला. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे बरोबर एक महिना.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही : हक्काची भाषा आली आणि मालक-कामगारांतला जिव्हाळा गेला. पण गिरणीतला दसरा आठवावा. त्या दिवशी कामगार साचे पुसून, झेंडूच्या माळा घालून यंत्रांची पूजा करीत. ज्याने पोट भरते त्याचे ऋण मानणे त्यांच्या अंगवळणी होते. त्यानंतर वीसेक दिवसांत येणाऱ्या दिवाळीचा बोनस तेच हात मागत आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नसे. कृतज्ञता त्यांनी सोडली नव्हती. मिंधेपण तेवढे नाकारले होते. दुसरा आक्षेप १९८२ च्या संपाचा. बोनसच्या हव्यासाने गिरण्या बुडाल्या, असे म्हटले जाते. ठिणगी १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसच्या वादातून पडली, हे खरे. पण १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, ते पगारवाढ, बदली कामगारांची कायम नेमणूक आणि आपल्या पसंतीच्या युनियनला मान्यता यांसाठी. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे चढते भाव यांचा भारही त्या एका दिवाळीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या घरांतल्या अनेक बायकांनी धुणीभांडी, पोळ्या, मुले सांभाळणे अशी कामे धरली. कंत्राटी कामगारालाही वर्षात तीस दिवस काम भरल्यावर बोनस देणारा १९६५ चा कायदा घरकामापर्यंत पोहोचलाच नाही, कारण त्याच्या लेखी राहते घर ही आस्थापना नव्हती. काही घरे दिवाळीला पूर्ण महिन्याचा पगार देतात, काही साडी आणि मिठाईवर भागवतात. एकाच इमारतीत काम करणाऱ्या दोघींची दिवाळी त्यामुळे वेगळी होते आणि कमी मिळालेलीला दाद मागायला जागा नाही. ज्या कुटुंबांनी बोनस हिशेबाचा भाग करून घेतला, त्यांपैकी अनेकांची पुढची पिढी पुन्हा दिवाळीच्या पोस्तीवर आली आहे.