बालकुमार साहित्य संमेलन (नांदेड–लातूर)

बालकुमार साहित्य संमेलन : मुलांसाठी लिहिणारे लेखक, शिक्षक, पालक आणि बालवाचक यांना एकत्र आणणारा साहित्यमेळावा.

स्वरूप : सकाळी ग्रंथदिंडी, उद्घाटन व अध्यक्षीय भाषण, त्यानंतर कथाकथन, बालकविसंमेलन, परिसंवाद आणि ग्रंथप्रदर्शन असा साधारण क्रम असतो. यजमान शाळा किंवा साहित्यसंस्था स्वागत समिती नेमते. निधी, मंडप, भोजन आणि गावोगावच्या मुलांची ने-आण ही तिची मुख्य कामे. मुले केवळ श्रोते न राहता सूत्रसंचालन करतात, स्वतःच्या कविता वाचतात आणि लेखकांची मुलाखत घेतात, तेव्हाच संमेलन खऱ्या अर्थाने त्यांचे होते.

प्रादेशिक संदर्भ : नांदेड जिल्हा तेलंगणाला, तर लातूरचा उदगीर परिसर कर्नाटकाला लागून आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि बंजारा बोली मुलांच्या कानावर पडतात. या भाषा-बोलींतील गाणी, उखाणे व गोष्टींना व्यासपीठ देणे हे येथील संयोजकांचे मोलाचे काम ठरते. याच भागातील उदगीर येथे एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष भारत सासणे यांना ‘समशेर आणि भूतबंगला’साठी २०२४ चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार लाभला. नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला २०२५ मध्ये तोच सन्मान मिळाला.

महत्त्व : पुस्तकाचे दुकान दूर असलेल्या गावातील मुलाला लेखक प्रत्यक्ष भेटतो आणि आपणही लिहू शकतो, हा विश्वास त्याला मिळतो.