पडदे रंगवणाऱ्यांचा कॅमेरा

बीडला भाच्याने बांबूवर हिरवं कापड ताणून शूटिंगचा पडदा केलाय. तो हिरवा रंग नंतर कॉम्प्युटरवर पुसायचा, तिथे हवं ते दृश्य टाकायचं. घरचे हसले. मला मात्र कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आठवले. दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे, आणि निघाले चक्क सिनेमाचा कॅमेरा घरी बनवायला! खरी मेख फिल्म सरकवण्यात. भिंगामागे ती क्षणभर स्थिर हवी, मग झडप मिटलेली असताना नेमकी एक चौकट पुढे. आणि हे सगळं हाताने दांडा फिरवून. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना घेऊन १९१८ साली कॅमेरा पुरा केला. त्यावरचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला.