वृद्धशुश्रूषागृहातील सेवेची गुणवत्ता

वृद्धशुश्रूषागृहातील सेवेची गुणवत्ता : परावलंबी किंवा आजारातून उठत असलेल्या वृद्धांना निवासी शुश्रूषा व पुनर्वसन देणाऱ्या संस्थेचे काम पारखण्याचे निकष. वृद्धाश्रमात हिंडताफिरता माणूस निवाऱ्यासाठी राहतो. शुश्रूषागृहात येतो तो खुब्याचे हाड मोडलेला, पक्षाघात झालेला, विस्मृतीने ग्रासलेला. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पाटी वृद्धाश्रमाची आणि आत दोन्ही प्रकारची माणसे असतात. पारख अवघड होते ती इथेच.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेची रचना, प्रक्रिया व परिणाम अशी त्रिस्तरीय मांडणी अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये केली. नातेवाइकांची नजर पहिल्या पायरीवरच, म्हणजे इमारत, बाग, लिफ्ट आणि डिपॉझिटची रक्कम यांवरच, अडकते. खरी परीक्षा तिसऱ्या पायरीवर होते : माणूस आला तेव्हा त्याला स्वतःचे काय करता येत होते आणि दोन महिन्यांनी काय येते? यासाठी बार्थेल निर्देशांक (१९६५) वापरतात. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, खाटेवरून खुर्चीत बसणे, जिना चढणे अशा दहा क्रियांना मिळून शंभर गुण असतात. दाखल होतानाचे गुण लिहून ठेवलेले नसतील, तर पुनर्वसनाच्या दाव्याला आधार उरत नाही.

शय्याव्रण हा सर्वांत बोलका पुरावा होय. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी सतत दाब पडून रक्तपुरवठा तुटतो व कातडी मरते. तिथली लाली बोटाने दाबूनही पांढरी पडत नसेल, तर जखमेला आतून सुरुवात झाली असे समजावे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे व पोटात पुरेशी प्रथिने जाणे हे उपाय जुनेच आहेत. हवेची गादी मदत करते, पण ती माणसाचे हात वाचवत नाही. धोका आधीच ओळखण्यासाठीच्या ब्रेडन मापनश्रेणीत ६ ते २३ गुण असतात. १८ किंवा त्याखाली धोका मानतात.

जेवणाची वेळही पाहण्याजोगी असते. पक्षाघातानंतर पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. उकड्या तांदळाची पेज कोकणात आजाऱ्याचे पहिले अन्न. पण तिचे नुसते पाणी आडव्या माणसाच्या तोंडात ओतले, की ठसका आणि पुढे न्यूमोनिया. पाठ सरळ करून, दाट पेज लहान चमच्याने, घोट गिळल्याची खात्री करत भरवणारी मावशी ही संस्थेची खरी मत्ता. तिच्या वाट्याला रात्रपाळीत किती रुग्ण येतात, हे अवश्य विचारावे. महिन्याचे वजन, पडण्याच्या घटना, लघवीची नळी किती दिवस ठेवली, हात बांधले का, झोपेच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या, याच्या नोंदी दाखवायला खळखळ करणारी संस्था टाळलेली बरी.

जिथे अशी संस्थाच जवळ नसते, तिथली स्थिती वेगळी. कोकणातील सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. मालवणच्या उत्तरेला, देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारी गावांत कमावते हात मुंबईला असतात. त्यामुळे शुश्रूषागृह म्हणजे बहुधा घराचे माजघर आणि पगारावर ठेवलेली बाई. वरचे निकष तिथेही तसेच लागू पडतात, फक्त तपासणारे कोणी नसते. मुंबईचे हे चाकरमानी गणपतीत नि मे महिन्यात येतात. तेव्हा सगळे टापटीप असते. न कळवता संध्याकाळी डोकावणारा शेजारी अधिक विश्वासार्ह.

अमेरिकेत २००८ पासून शुश्रूषागृहांना पंचतारांकित मानांकन आहे. त्यातले मनुष्यबळाचे आकडे आधी संस्थाच कळवीत. ते फुगवले जातात असे आक्षेप आल्यावर पगारपत्रकांचा आधार घेण्यात आला. भारतातील २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा जिल्ह्याजिल्ह्यांत निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद करतो आणि न्यायाधिकरणामार्फत मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देतो. खाटेशेजारच्या सेवेला मात्र तो गुण देत नाही. तक्रार व मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.