ममीचा शाप आला कुठून?

प्राचीन इजिप्तबद्दल काय माहीत आहे, असे सातवी-आठवीच्या वर्गात विचारून पाहा. पिरॅमिड आणि ममी ही उत्तरे लगेच येतील. पाठोपाठ कोणीतरी सांगेल, की ममीची झोपमोड करणारा मरतो! हे पाठ्यपुस्तकात नसते, ते सिनेमातून आलेले असते. १९३२ सालचा ‘द ममी’ घ्या किंवा त्याच नावाचा १९९९ सालचा. गोष्ट साधारण तीच. उत्खनन करणारे येतात, इशारा धुडकावून पेटी उघडतात आणि मग एकेकाचा बळी जातो. ही गोष्ट मुळात आली कुठून?

थडगे आणि बातमी

४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधील ‘राजांच्या खोऱ्या’त हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना खडकात कोरलेली एक पायरी सापडली. खाली तुतनखामून राजाचे सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचे थडगे होते. उत्खननाचा खर्च लॉर्ड कार्नार्व्हन करत होते. त्यांनी बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘द टाइम्स’ला विकले. मग बाकीच्या वार्ताहरांनी छापायचे काय? खुद्द इजिप्शियन वृत्तपत्रांनाही आपल्या देशातल्या शोधाची बातमी लंडनच्या पत्राकडून घ्यावी लागली.

फेब्रुवारी १९२३ मध्ये राजाच्या शवपेटीची खोली उघडली आणि ५ एप्रिलला कार्नार्व्हन कैरोत वारले. गालावर डास चावला होता, दाढी करताना तिथे कापले, जखम चिघळून विष रक्तात भिनले आणि शेवटी न्यूमोनिया झाला. १९०१ मधल्या मोटार अपघातापासून त्यांची प्रकृती तोळामासाच होती. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून पाच वर्षे होती.

पण वार्ताहरांना हवी ती बातमी मिळाली होती. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनीही थडग्याच्या राखणदार शक्तींचा हवाला दिला. थडग्यात शाप कोरल्याचे छापून आले. प्रत्यक्षात तसा शाप तिथे नव्हता. एका वस्तूवर ‘मी वाळूला गुप्त खोलीत येऊ देत नाही’ अशा अर्थाचा मजकूर होता. त्याला ‘उंबरा ओलांडणाऱ्याला मी मारीन’ हे शेपूट वृत्तपत्राने जोडले.

साचा मात्र आधीपासून तयार होता. अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉट यांनी १८६९ मध्येच ममीच्या शापाची कथा लिहिली होती. खुद्द डॉइल यांच्या १८९२ मधल्या एका कथेत ममी चालते.

आता सिनेमाकडे येऊ. १९३२ च्या ‘द ममी’चे पटकथाकार जॉन बाल्डरस्टन हे पूर्वी पत्रकार होते आणि तुतनखामूनच्या थडग्याच्या बातम्या त्यांनी स्वतः दिल्या होत्या. म्हणजे बातमीतून सिनेमा हा प्रवास एकाच माणसाच्या लेखणीतून झाला! त्यातल्या दुष्ट पुजाऱ्याचे नाव आहे इम्होतेप. खरा इम्होतेप हा सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडचा रचनाकार मानला जातो. पुढे लोक त्याला वैद्यकाचा देव म्हणून पूजू लागले.

मोजून पाहू

‘पण माणसे मेली ना?’ असे मुले विचारतील. विचारायलाच हवे. हर्बर्ट विनलॉक या पुरातत्त्वज्ञाने १९३४ मध्ये साधा हिशेब मांडला. थडगे उघडताना २६ जण हजर होते. दहा वर्षांत त्यांतले ६ वारले. दगडी शवपेटी उघडताना २२ जण होते. त्यांतले २ वारले. ममीची वस्त्रे सोडवताना १० जण होते. त्यांतले कोणीच नाही. शाप खरा असता तर ममीच्या सर्वांत जवळ गेलेले आधी जायला हवे होते.

२००२ मध्ये मार्क नेल्सन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४४ पाश्चात्त्य व्यक्तींची नोंद तपासली. त्यांतल्या २५ जणांचा ‘शापाशी’ संबंध आला होता. त्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय होते ७० वर्षे. शापाचा परिणाम आढळला नाही. थडग्यात पहिल्यांदा शिरलेल्यांपैकी लेडी एव्हलिन तर १९८० पर्यंत जगल्या.

हा हिशेब फळ्यावर मांडा. ‘किती मेले?’ या प्रश्नाबरोबर ‘कितींपैकी?’ हा प्रश्न आलाच पाहिजे, हे मुलांना चटकन कळते.

शाप कशासाठी?

शाप कोरण्याची प्रथाच नव्हती असे मात्र नाही. इजिप्तमधील काही जुन्या खासगी थडग्यांवर असे इशारे आहेत. आपल्याकडे शिलाहार व यादव काळातली गधेगाळ घ्या. दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्यावर शिवीवजा शाप आणि सोबत गाढवाचे शिल्प. राखण करायला आपण उरणार नाही, तेव्हा भीतीलाच राखणीला बसवायचे, असा हा उपाय. तो नेहमी चालत नसे. तुतनखामूनच्या थडग्यातही प्राचीन काळीच दोनदा चोर शिरले होते.

आणि त्या ममीचे काय झाले? नोव्हेंबर १९२५ मध्ये ती तपासायला घेतली, तेव्हा ओतलेल्या राळेमुळे ती शवपेटीला घट्ट चिकटलेली होती. ती सोडवताना आणि अंगावरचे दागिने काढताना देहाचे तुकडे करावे लागले. वय अवघे अठरा-एकोणीस. सिनेमात ममी माणसांना मारते. इथे इजा झाली ती ममीलाच.

१९३२ च्या सिनेमात ममीच्या तोंडी एक तक्रार आहे : आम्हा इजिप्शियन लोकांना आमचेच मृत उकरायची परवानगी नाही, ती परदेशी संग्रहालयांना आहे. भुताच्या तोंडी घातली तरी तक्रार खरी होती. थडगे सापडले त्याच वर्षी इजिप्त निदान कागदोपत्री स्वतंत्र झाला होता आणि त्यातल्या वस्तू देशाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत यासाठी भांडत होता. वस्तू कैरोतच राहिल्या, त्या या भांडणामुळे.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात कोणी शापाची गोष्ट काढली तर ‘अंधश्रद्धा’ म्हणून ती मिटवून टाकू नका. त्याऐवजी विचारा : ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली, कशासाठी, आणि ज्यांचे पूर्वज तिथे पुरले होते त्यांना कोणी विचारले होते का? इतिहासाचा तास तिथूनच सुरू होतो.