सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको? कलम २८ मागचा इतिहास

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला. शाळा सरकारी, पैसा जनतेचा, पण दारावर पहारा धर्माचा! १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर कमिशनपुढे हेच दुखणे मांडले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

कलम २८ या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. बाबासाहेबांनी तीन कारणे दिली. एक, कराचा पैसा कोणत्याही एका धर्मासाठी वापरता येणार नाही. दोन, देशात इतके धर्म आणि पंथ आहेत की सर्वांच्या शिक्षणाची सोय राज्याला करता येणार नाही. तीन, प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा मानतो, म्हणून हा वाद शाळेत आणला तर शांतता बिघडेल.

त्यातूनच नियम ठरला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत धर्मशिक्षण असले, तरी विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय सक्ती नाही. विश्वस्तनिधीच्या अटीने स्थापन झालेल्या संस्थांचा अपवाद तेवढा ठेवला.

मग धर्माचा अभ्यासच नको का? तसे नाही. धर्ममताची शिकवण वेगळी आणि धर्माचा अभ्यास वेगळा, हे बाबासाहेबांनी त्याच चर्चेत स्पष्ट केले. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांची ओळख करून देणाऱ्या अभ्यासाला मान्यता दिली. पण याच फटीतून आज ‘मूल्यशिक्षणा’च्या नावाखाली एकाच धर्माचे ग्रंथ वर्गात येत आहेत. गुजरात सरकारने मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी भगवद्गीतेचा समावेश जाहीर केला. तिथे कसोटी एकच लावावी: चातुर्वर्ण्यावर प्रश्न विचारण्याची मुभा त्या वर्गातल्या मुलाला आहे का? असेल तर तो अभ्यास. नसेल तर ती शिकवण, मग तिला नाव काहीही द्या.

मित्रांनो, हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. गीतापठणाला विरोध करायचा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बुद्धवंदना सक्तीची करा म्हणायचे, हे चालणार नाही. वंदनेसाठी आपले विहार आहेत. सरकारी शाळा सगळ्यांची आहे, ती सगळ्यांचीच राहू द्या.

जय भीम!