सुट्टी कशाची आहे हो?

स्मरणिकेसाठी लेख मागताना सेक्रेटरीसाहेबांनी मला अट घातली. "वकीलसाहेब, डीम्ड कन्व्हेयन्स, थकबाकी, पार्किंगचा नियम यातलं काहीच नको. लोकांनी वाचावं असं काहीतरी लिहा." त्यामुळे कायद्याची पुस्तकं बाजूला ठेवली आहेत. अगदीच राहवलं नाही तर एखादं कलम येईल, तेवढं सांभाळून घ्या.

विषय मला आपल्या सोसायटीतच मिळाला. जून महिन्यात सी विंगमधल्या एका ताईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "वकीलसाहेब, आमच्या मुलाला आज सुट्टी आहे म्हणे. जूनटीन्थ का काय. सुट्टी कशाची आहे हो ती?" त्यांचा मुलगा टेक्सासला असतो. मला काही सांगता आलं नाही. वकिलाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते, म्हणून घरी येऊन वाचत बसलो.

गोष्ट अशी. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी जाहीरनामा काढला की, बंडखोर राज्यांतले गुलाम आता मुक्त आहेत. पण टेक्सास पडलं एका टोकाला. तिथे लिंकनचं सैन्य नव्हतं आणि मालकांना कागद मानायचा नव्हता. शेवटी १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर फौज घेऊन गॅल्व्हेस्टन बंदरात उतरले आणि हुकूम वाचून दाखवला. तेव्हा कुठे तिथल्या माणसांच्या पदरात मुक्ती पडली. कागदावर मोकळं होऊन त्यांना अडीच वर्षं झाली होती! जून आणि नाइन्टीन्थ हे दोन शब्द जोडून त्या दिवसाचं नाव झालं जूनटीन्थ. ती माणसं आणि त्यांची लेकरंबाळं दरवर्षी हा दिवस पाळत राहिली. साऱ्या देशाची अधिकृत सुट्टी व्हायला मात्र २०२१ साल उजाडलं.

हे वाचताना मला सारखी परभणीच आठवत होती. उशिरा आलेलं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा परभणी भारतात नव्हती. आपण हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाचे सोळा जिल्हे, त्यात मराठी पाच : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. राज्य निजाम मीर उस्मान अली खान यांचं, कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू, कागदावरचा सन फसली. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. जुन्या जमिनीच्या दाव्यात मला आजही असे कागद हाताळावे लागतात आणि दरवेळी उर्दू वाचणारा जाणकार शोधत फिरावं लागतं. आठवड्याची सुट्टीसुद्धा तेव्हा रविवारी नसायची, शुक्रवारी असायची.

निजामाने भारतात यायचं नाकारलं. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच १५ ऑगस्टला अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण रझाकारांचा जोर वाढतच गेला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करायचा. आमच्या व्यवसायातलं हे नाव मी मुद्दाम सांगतो, कारण दुसरी बाजूही आमच्याच व्यवसायात आणि आसपास होती. मराठी भागातली राजकीय जागृती ज्या महाराष्ट्र परिषदेने सुरू केली, तिचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला भरलं. परतूर तेव्हा आपल्या परभणी जिल्ह्यात होतं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. काळा कोट तोच, तो घालून माणूस कुठे उभा राहतो हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

पुढचं वर्ष लोकांनी जीव मुठीत धरून काढलं. गावं रिकामी झाली. वऱ्हाडात, सोलापूर-नगरच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले, नांदेडकडची मंडळी उमरखेडला जमली. आणि हा लढा फक्त हिंदूंचा होता असंही कुणी समजू नये. हैदराबादला 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन करा असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रस्त्यात खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. आपण तिला 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतो. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे संस्थानाच्या सेनापतींनी रीतसर शरणागती पत्करली. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत दिवस मोजले तर ३९९ भरतात. गंमत म्हणजे दोन्ही दिवस शुक्रवारचे. म्हणजे निजामाच्या कॅलेंडरप्रमाणे दोन्ही दिवशी परभणीला सुट्टीच होती. पहिल्या सुट्टीत देश स्वतंत्र झाला आणि आपण राहिलो. दुसरीत आपण झालो.

आता या तारखांमागचं जे पुस्तकात सापडत नाही, ते थोडं सांगतो.

माझे वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. ते सांगायचे, भादव्यात ज्वारी पुरुषभर उंच वाढली होती. संध्याकाळ झाली की आजी चुलीवर पाणी ओतायची, भाकरी फडक्यात बांधायची आणि सगळ्यांना घेऊन ज्वारीत जाऊन बसायची. रझाकार येतील ही भीती. लहान भाऊ रडला की आजी त्याच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची. "त्या वर्षी आमच्या घरातला गूळ सगळा भीतीनंच खाल्ला," असं वडील म्हणायचे. १७ सप्टेंबरला हे सगळं संपलं. आमच्या घरात हा दिवस दिवाळीसारखाच.

ही गोष्ट मी एकदा गच्चीवर गप्पा मारताना सांगितली. तळमजल्यावरचे चाचा शांतपणे ऐकत होते. सगळे उठून गेल्यावर मला म्हणाले, "वकीलसाब, आम्हीबी ज्वारीतच बसलो होतो. फक्त तुमचे लोक घरी आले, तवा आम्ही आत गेलो." चाचा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांचे वडील गावात शिवणकाम करायचे. रझाकारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण त्या दिवसांत ते कुणी विचारत नव्हतं. शेजारच्या पाटलीणबाईंनी रात्री टोपल्यात भाकरी आणून दिल्या आणि तिसऱ्या रात्री घरात लपवलं म्हणून ते वाचले. सगळेच वाचले नाहीत.

मी गप्प झालो. एवढी वर्षं आपण एकाच आवारात राहतो, गणपतीच्या मांडवात चाचा खुर्च्या मोजून घेतात, आणि हे मला ठाऊक नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना त्याच वर्षाअखेर संस्थानात पाहणीसाठी पाठवलं होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक वर्षं दप्तरातच राहिला. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरं. कोर्टात एका साक्षीदाराने दुसऱ्याचं खरं खोटं ठरत नसतं. दोन्ही साक्षी नोंदवाव्या लागतात.

बाकीच्या दोन झेंड्यांचीही आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळीच आहे. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती आणि त्या राज्याचे राजप्रमुख होते स्वतः निजाम! ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांनाही घटनेच्या चौकटीत जागा मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे हा जगभर कामगारांचा दिवस, त्याचं मूळ १८८६ मधल्या शिकागोच्या कामगारांच्या आठ तासांच्या लढ्यात. खुद्द अमेरिका मात्र कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पाळते. आपल्या जिल्ह्याला १ मेची आणखी एक आठवण आहे : १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. त्या वेळी आपली सोसायटी नुसती कागदावर होती आणि प्लॉटवर बाभळी होत्या.

तर एवढं सगळं लिहायचं कारण. गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला सोसायटीत झेंडावंदनाला नऊ माणसं आली. त्यात एक वॉचमन. नंतर कमिटीत सूचना आली की, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे हे तीन कार्यक्रम असताना हा चौथा कशाला? राजगोपालाचारी उद्यानात सरकारी झेंडावंदन होतंच की. ज्याला जायचं तो तिथे जाईल. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माणसं येत नाहीत हे खरंच आहे.

इथे एकच कलम येऊ द्या. सार्वजनिक सुट्ट्या कुठल्या कायद्याखाली जाहीर होतात माहीत आहे? चेक बाउन्सचे खटले ज्या कायद्यात चालतात त्याच, १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५ खाली! हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, एवढ्यासाठी ती व्याख्या केलेली. कायद्याच्या दृष्टीने सुट्टी म्हणजे बँक बंद. दादरा-नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. तिथली त्या दिवसाची सुट्टी २०२१ मध्ये यादीतून निघाली. एक गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, सार्वजनिक सुट्टी मिळणं हा काही मूलभूत हक्क नाही. वकील म्हणून मला हा निकाल पटतो. पण त्याचा अर्थ असाही होतो की, दिवस जपायची जबाबदारी सरकारवर टाकून चालणार नाही. टेक्सासमधल्या त्या माणसांनी दीडशेहून जास्त वर्षं सरकारी यादीची वाट पाहिली नाही. आपापल्या अंगणात दिवस पाळला.

माझं म्हणणं एवढंच की, चौथा झेंडा बंद करू नये. बाकीचे तीन दिवस साऱ्या देशाचे किंवा साऱ्या राज्याचे आहेत. हा एक आपला आहे. आणि तो नुसता विजयाचा दिवस म्हणून पाळू नये. त्या दिवशी दोन-चार जुन्या माणसांना बोलू द्यावं, कुणाचीही गोष्ट मध्येच तोडू नये. ज्यांनी ते ३९९ दिवस पाहिले त्यांची आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढची वयं आहेत. माझे वडील गेले. त्यांची गोष्ट मी कधी लिहून घेतली नाही, आज जेवढी आठवली तेवढी वर दिली. लहान भावाच्या तोंडात गूळ दिला हे आठवतं, पण त्या शेताचं नाव विचारायचं राहून गेलं.

म्हणून सर्व सभासदांना विनंती. ज्यांच्या घरात त्या काळातलं कुणी असेल त्यांनी त्यांच्याजवळ बसावं, मोबाइलवर का होईना आवाज टिपून घ्यावा. जुने उर्दू कागद, फोटो, पत्रं असतील तर रद्दीत घालू नयेत, माझ्याकडे आणून द्यावेत. वाचून घेण्याचा खर्च मी करतो, फी लावणार नाही!

चाचांना मी विचारलं, यंदा तुम्ही बोलाल का? ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोलतो. पण आधी तुमच्या आजीची गोष्ट सांगा, मग माझी. गूळवाली." ठरलं आहे. १७ सप्टेंबर, सकाळी साडेआठ, पाण्याच्या टाकीजवळचा झेंडा. वॉचमन धरून नवाच्या वर माणसं हवीत.