वैद्य घराण्यांची दप्तरे

पिढीजात वैद्यकी करणाऱ्या घराण्यांनी जपलेल्या सनदा, इनामपत्रे, नेमणुकीची पत्रे आणि औषधांच्या वह्या यांस ही संज्ञा लावतात. येथे विचार ग्वाल्हेरकडील अशा दप्तरांचा आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, त्या लष्कराचेच पुढे शहर झाले. शिंद्यांच्या आश्रयाने येथे वसलेल्या मराठी कुटुंबांबरोबर मोडी लिपीही उत्तरेत आली.

सनदेतील काळ बहुधा शुहूर सनात असतो. हा सन मृग नक्षत्रारंभी बदलत असल्यामुळे त्यात ५९९ वा ६०० मिळविल्यावाचून इसवी सन निघत नाही, आणि नवशिका वाचक फसतो तो येथेच. ‘मोर्तब सुद’ हा शेवटचा शिक्का पाहिल्याखेरीज कागद अस्सल मानू नये.

तथापि सनदेहून अधिक मोलाची ती वैद्याची वही होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण सनद सरकारची भाषा बोलते, तर वही औषधाची मात्रा सांगते, तीही रती, मासा आणि तोळा या मापांत (८ रतींचा मासा, १२ माशांचा तोळा), आणि समासात आजोबांच्या पाठाशेजारी नातवाची दुरुस्ती आढळते.

१९५१ च्या कायद्याने मध्य भारतातील जहागिऱ्या रद्द झाल्यावर उत्पन्नाचा पुरावा म्हणून असलेले जुन्या सनदांचे महत्त्व ओसरले. रुमालात बांधलेल्या अशा कागदांचा खरा शत्रू मात्र कसर.